काढून टाकलेला विमा

मी मराठी शिकवते. मेहकरच्या एका शाळेत बावीस वर्षं झाली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, क्रियापद ओळखा, यातच जन्म चालला आहे. म्हणून पुढचं सांगताना जरा जास्तच लाज वाटते. मागच्या मे महिन्यात एका साध्या क्रियापदाचा अर्थ मला कळला नाही, आणि त्यापायी मी आजारी वडिलांना बिनविम्याच्या गाडीतून रोज जालन्याला नेत-आणत होते.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर साखरखेर्ड्याच्या घरी राहायला गेले. आई गेल्यानंतरही तिथून हलले नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचा आवाज बसला. आम्ही थंड पाण्यावर खापर फोडलं, मग ठेच्यावर. शेवटी जालन्याच्या डॉक्टरांनी घशात गाठ आहे आणि ती कसली आहे तेही सांगितलं. मशीनवर तीस वेळा शेक द्यायचा, शनिवार-रविवार सोडून रोज, म्हणजे सहा आठवडे. एकही चुकवायचा नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "मंग बरं होते?" डॉक्टर म्हणाले, "एकही चुकला नाही तर आशा चांगली आहे, काका."

शाळेला सुट्टी लागली होती. नवरा दुकानाला बांधलेला, तेव्हा मी एकटीच बाबांकडे राहायला गेले. पहिला आठवडा आम्ही बसनेच काढला. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि गिअर चुकला की त्यांचा पाय खाली आपोआप हलायचा. शुक्रवारी परत येताना त्यांना उलट्या झाल्या आणि सिंदखेड राजाच्या स्टँडवर ते खालीच बसले. आजूबाजूला ओळखीचे कंडक्टर, त्यांच्यासमोर असं बसावं लागलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. रोज भाड्याची गाडी करणं आमच्या ऐपतीतलं नव्हतं. मी त्याच दिवशी पुण्याला दादाला फोन लावला.

दादाकडे दोन गाड्या आहेत. जुनी तो पावसाळ्यात विकणार होता. त्याने ती रविवारी ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिली, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फार कौतुक वाटलं. फोनवर म्हणाला, "टायर ठीक आहेत. एसी जरा कमी लागतो. आणि इन्शुरन्स काढून टाकलाय मी, तेवढं बघून घे."

मी म्हटलं, "बघते."

आमच्याकडे काढून टाकणं म्हणजे काम उरकणं. सातबारा काढून टाक, उत्पन्नाचा दाखला काढून टाक, सोयाबीन काढून टाकलं की माणूस सुटला. दादाने विमा काढून टाकला, म्हणजे एक काम हातावेगळं केलं, असं मी समजले. बघायचं म्हणून बघितलंही. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटात विम्याचा कागद होता, वर कंपनीचा रंगीत शिक्का होता. तारीख मी बघितली नाही. पोरांच्या वहीत तारीख नसली की मी लाल पेनने गोल करते, तीच मी.

बाबांची एक रीत होती. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं तरी गाडीभोवती एक फेरी मारायची, चारी टायरांना पाय लावून बघायचा, आणि बसण्याआधी विचारायचं, "कागदं?" कोणाचीही गाडी असो. लग्नाला जाताना व्याह्यांच्या गाडीलाही त्यांनी हे विचारलं होतं, आणि माझी सासू अजून ते काढते. सोमवारी सकाळी त्यांनी दादाच्या गाडीला फेरी मारली आणि बसक्या आवाजात विचारलं, "कागदं?"

"हाव बाबा. दादानं इन्शुरन्स काढून टाकला."

"बरं केलं," ते म्हणाले आणि बसले. त्यांनाही माझ्यासारखंच कळलं.

ही रीत कुठून आली ते आम्हा भावंडांना पाठ आहे. लोणारच्या रस्त्यावर बाबांच्या बसपुढे एक जीप चालली होती. तिने चाऱ्याचा भारा घेऊन चाललेल्या बाईला उडवलं. बाबांनी त्या बाईला आपल्या बसमध्ये घालून दवाखान्यात नेलं, पण ती वाटेतच गेली. जीपचा विमा नव्हता. साक्षीसाठी बाबा कित्येक वर्षं कोर्टात जात राहिले. तिचा नवरा दर तारखेला तिथे बसलेला असायचा, आणि त्याच्या हाती शेवटपर्यंत काही लागलं नाही. बाबा म्हणायचे, "गाडी एकाले मारते. बिनकागदाची गाडी घर मारते." त्यानंतर बिनकागदाच्या गाडीत ते कधी बसले नाहीत. एकदा माझ्या मामाच्या गाडीतून भर उन्हात उतरून सहा किलोमीटर चालत घरी आले होते.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी सिंदखेड राजाच्या पुढे पोलिसांनी आमची गाडी थांबवली. बाबा डोळ्यांवर दुपट्टा घेऊन मागच्या सीटवर निजले होते. पोलिसाने मोबाइलमध्ये गाडीचा नंबर टाकला, मला खाली बोलावलं आणि गाडीच्या मागे नेऊन स्क्रीन दाखवली. विमा एप्रिलमध्येच संपला होता.

"नाही हो, काढलाय," मी म्हटलं. पाकिटातला कागद आणून दाखवला. त्याने तारखेवर बोट ठेवलं. तेवढ्यात त्याने काचेतून आत बघितलं. बाबांच्या मानेवर शेकाच्या जागेच्या जांभळ्या रेघा काढलेल्या होत्या.

"दवाखान्यात चाल्ल्या का?"

"रोज."

त्याने मोबाइल खिशात ठेवला. "जा मॅडम. पण इन्शुरन्स काढून घ्या लवकर. उद्या कोणाले ठोकलं तर मी काय, कोणीच वाचवणार नाही तुमाले."

मी गाडीत बसले तेव्हा दुपट्टा तसाच होता. बाबांना काही कळलं नाही, असं मी धरून चालले.

बाबा आत मशीनवर असताना मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून दादाला फोन केला.

"काढून टाकला म्हणाला होतास ना तू?"

"हो. काढूनच टाकला. आपोआप रिन्यू व्हायचा तो, ते बंद केलं. गाडी विकायचीच आहे. म्हणून तर तुला म्हटलं, तेवढं बघून घे."

"बघून घे म्हणजे मी बघितला."

"अगं, बघून घे म्हणजे करून घे!"

"आणि काढून टाकला म्हणजे काढला."

"काढला वेगळं आणि काढून टाकला वेगळं. तू मराठीची बाई ना?"

पुण्यात वीस वर्षं राहिलं की माणसाची मराठी शुद्ध होते म्हणतात. मी जिन्यात उभी राहून रडले, आणि रागही इतका आला की दात दुखेपर्यंत आवळले. चूक त्याची म्हणावी तर त्याने सरळ सांगितलं होतं, माझी म्हणावी तर मी सरळच ऐकलं होतं. मग तो जरा नरमला. म्हणाला, "महिनाभरासाठी वर्षाचे पैसे कशाला घालायचे? थोड्या दिवसांचा मिळतो. आमच्या ऑफिसातल्या एकाने परदेशात आठ दिवसांचा घेतला होता. शोध."

शोधला. घरी आल्यावर बाबांना पेज भरवली आणि अंगणात मोबाइल घेऊन बसले. एका ठिकाणी अगदी हवं तेच लिहिलं होतं, एका दिवसापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत, स्वस्तात. मी सगळी माहिती भरत गेले आणि शेवटी त्यांनी पैसे पौंडात मागितले. दुसऱ्या जाहिरातीत होतं, जेवढी चालवाल तेवढंच भरा. मला वाटलं, देव पावला. मुलाखतीसारखे प्रश्न विचारून झाल्यावर कळलं, की तेही वर्षाच्या पॉलिसीतच बसतं आणि विमा संपलेला असेल तर आधी गाडीची तपासणी. मी एवढी शिकलेली बाई, आणि खाटेवर बसून मोबाइलला "अरे, पण मला सव्वा महिनाच पाहिजे" असं मोठ्याने सांगत होते.

बुधवारी सकाळी बाबांनी फेरी मारली, टायरांना पाय लावला. आवाज आता फारच खोल गेला होता. एकेक शब्द काढताना त्यांची मान ताणायची. तरी त्यांनी विचारलं, "कागदं?"

नाहीत म्हटलं असतं, तर ते बसलेच नसते. मग बस, मग उलट्या, मग एक दिवस चुकला असता. डॉक्टरांचं ते तीनदा सांगितलेलं वाक्य माझ्या कानात होतं.

"हाव," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बसले. लहानपणी मी बाबांशी पुष्कळ खोटं बोलले आहे, मार्कांचं, सिनेमाचं. पण ह्या एका प्रश्नाला खोटं उत्तर आमच्या घरात कोणी दिलं नव्हतं. जालना येईपर्यंत मला आरशात त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या दुपारी बाबांना घरी सोडून मी तशीच मेहकरला गेले. बसने, कारण आता गाडीला हात लावायचीही भीती वाटत होती. स्टँडजवळ विम्याचा एक एजंट बसतो. त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. मी त्याला म्हटलं, सव्वा महिन्याचा विमा द्या.

तो हसला. "मॅडम, हा काय एसटीचा पास हाये का, महिन्याचा द्याले? गाडीचा इमा वर्षाचाच. त्याच्या खाली नाही."

"पण गाडी नंतर विकायची आहे."

"इका ना. घेणाऱ्याले कामी येईन."

"लग्नाचा मंडप एका दिवसाचा मिळतो, जनरेटर तासाचा मिळतो. विमा का नाही मिळत?"

"ते मले काऊन इचारता? मी काय सरकार हाओ?" मग माझा चेहरा बघून त्याने खुर्ची पुढे ओढली. "फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा घ्या. गाडी जुनी हाये, स्वस्तात पडते. वर्षाचा असला तरी भाड्याच्या गाडीच्या दोन फेऱ्यातच निघते."

हे मला मंगळवारीच कोणी सांगितलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती, आणि एक खोटंही. अडला हरी, दुसरं काय. मी लगेच पैसे काढले. पण पैसे घेऊन उपयोग नव्हता. गाडी दादाच्या नावावर, म्हणून कागदपत्रं दादाची. त्याच्या मोबाइलवर ओटीपीचा नंबर येणार, तो सांगितला की विमा निघणार. आणि गाडीच्या नोंदीत दादाचा जो मोबाइल होता तो त्याच्या जुन्या नोकरीतला, बंद पडून चार वर्षं झालेला. एजंटने तीनदा नंबर पाठवला. तिन्ही वेळा तो कुठल्या हवेत गेला कोण जाणे.

"त्याईले म्हना, आधी मोबाइल बदलून घ्या. मंग पाच मिनिटाचं काम हाये."

दादाने फोनवर सांगितलं, "करतो उद्या. आज मीटिंग आहे."

गुरुवारी सकाळी मी गाडीपाशी उत्तर तयार ठेवून उभी होते. रात्रभर ठरवलं होतं, की हो म्हणायचं आणि नजर खाली घालायची नाही. बाबांनी फेरी मारली. टायरांना पाय लावला. दार उघडलं आणि बसले.

त्यांनी विचारलंच नाही.

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी मनाची समजूत घातली, की घसा दुखत असेल. डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलंच होतं, मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून सहा वेळा. मराठीत गप्प बसणाऱ्या माणसाला मिठाची गुळणी धरली म्हणतात, आमच्या घरी ती खरोखरची होती. पण गावाबाहेर पडताना ओळखीचा एक जण खिडकीशी आला, तेव्हा बाबा त्याच्याशी चांगली दोन वाक्यं बोलले. कापसाचं काय करून राह्यला, असंही विचारलं.

त्या दिवशी मी बैलगाडीच्या वेगाने चालवत होते. रस्त्यात दिसेल त्या माणसात मला ती भारा घेतलेली बाई दिसत होती. एका फाट्यावर शेळ्या आडव्या आल्या आणि त्यांच्या मागे त्यांची म्हातारी मालकीण. मी ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. तिने मला एक सणसणीत शिवी दिली आणि शेळ्या हाकलत निघून गेली. मागे बघितलं, तर बाबा ताठ बसले होते आणि त्यांनी समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं, आता बोलतील. ब्रेक उशिरा लावला म्हणून, शेळ्या दुरून दिसत होत्या म्हणून. एरवी एवढ्यावर तासभर बोलले असते. ते त्या म्हातारीकडे बघत राहिले, ती शेताआड जाईपर्यंत.

शुक्रवारीही त्यांनी विचारलं नाही. मला रोज सकाळी वाटत होतं की विचारावं त्यांनी, आणि विचारू नये. एजंटला दिवसातून चार फोन, दादाला सहा. एकाचं म्हणणं पाच मिनिटांचं काम आहे, दुसऱ्याचं म्हणणं अर्ज केलाय. मध्ये मी. माझ्या हातात फक्त स्टेअरिंग होतं, आणि तेही नको झालं होतं.

शनिवारी दुपारी दादाचा नवा मोबाइल नोंदीत चढला. नंबर आला, त्याने तो सांगितला, एजंटने टाकला, आणि खरंच पाच मिनिटांत विमा निघाला. वर्षाचा. मी मेहकरला जाऊन त्याचा छापील कागद घेतला आणि तारीख दोनदा वाचली. एजंट म्हणाला, "रात्री बारापासून चालू. आता बिनधास्त जा."

सोमवारी सकाळी मी बाबांच्या आधी गाडीपाशी गेले. नवा कागद पाकिटात घातला, पाकीट डॅशबोर्डवर दिसेल असं ठेवलं. परीक्षेत येणारा प्रश्न पाठ करून आलेल्या पोरीसारखी उभी राहिले. बाबा काठी टेकत आले. आठवडाभरात शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता. त्यांनी फेरी मारली. चारी टायरांना पाय लावून बघितला. दार उघडलं, बसले, दुपट्टा मानेभोवती नीट घेतला.

मी थांबले. ते काही बोलले नाहीत.

मी दार धरूनच म्हटलं, "बाबा, कागदं हायेत."

"असतीन."

"नाही, खरंच हायेत. बघा." मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

"मंगळवारी नव्हते," ते म्हणाले. आवाज म्हणजे नुसता वारा होता, मला वाकून ऐकावं लागलं. "तो पोलीस काय म्हने ते ऐकलं मी."

मी पाकीट खाली घेतलं. "मंग तुम्ही इचारलं काऊन नाही?"

"इचारलं होतं ना बुधवारी. तू हाव म्हनली." त्यांनी थुंकी गिळली. ती गिळताना त्यांचे डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "पुन्हा इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतं. मंग मले उतरा लागलं असतं."

शेजारच्या घरी कोणीतरी भांडी घासत होतं.

"अन् मले उतरायचं नव्हतं," बाबा म्हणाले.

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी दार लावलं, पुढे जाऊन बसले आणि गाडी सुरू केली. शेकाचा दहा वाजताचा नंबर होता.